श्वसनोपचाराचे आंतरव्यावसायिक शिक्षण : अध्यापकांच्या दृष्टीने

निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता मिनिटास सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेतो, आणि त्याची त्यास जाणीवही नसते. मेंदूचा तळभाग, छातीचे स्नायू, छाती व पोट यांच्यामधील मध्यपटल आणि फुप्फुसे यांचा व्यवहार इतका सुरळीत चाललेला असतो की, तो बिघडेपर्यंत त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रोगाने, विषाने किंवा अपघाताने हा व्यवहार बिघडला म्हणजे मात्र हवा यंत्राच्या साहाय्याने फुप्फुसांत पोहोचवावी लागते. हे यंत्र म्हणजेच व्हेंटिलेटर.

व्हेंटिलेटर लावलेल्या रुग्णाच्या खाटेभोवती पुष्कळ माणसे वावरत असतात. चिकित्सक उपचाराची दिशा ठरवितो. परिचारिका अहोरात्र रुग्णाजवळ असते, औषधे देते आणि त्यास कुशीवर वळविते. श्वसनोपचारतज्ज्ञ यंत्राचे दाब, आकारमान व प्राणवायूचे प्रमाण सांभाळतो आणि श्वासमार्ग मोकळा ठेवतो. औषधविद मात्रा तपासतो, भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या स्नायूंना व्यायाम देतो. या सर्वांचा रुग्ण एकच. शिक्षण मात्र प्रत्येकाचे निराळ्या वर्गात, निराळ्या पुस्तकांतून, निराळ्या शिक्षकांच्या हाताखाली झालेले असते. पुष्कळदा पदवी हाती आल्यावर, आणि तीही एखाद्या आणीबाणीच्या प्रसंगी, ते प्रथम एकमेकांशी बोलतात. ही ओळख शिकत असतानाच करून द्यावी काय, द्यावयाची तर ती केव्हा व कोणत्या रीतीने, हा प्रश्न श्वसनोपचार शिकविणाऱ्या अध्यापकांपुढे गेली काही वर्षे उभा आहे. त्यांची मते काय आहेत हे पाहण्यापूर्वी प्रश्नाचे मूळ पाहणे सोयीचे होईल. ते डेन्मार्कच्या राजधानीत सापडते.

कोपनहेगन, १९५२

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालय हे तेथील सांसर्गिक रोगांचे रुग्णालय होते. त्याच्यापाशी रुग्णाचे सर्व धड आत घेणारे लोखंडी पेटीसारखे श्वसनयंत्र एकच होते, आणि छातीवर बांधावयाची लहान यंत्रे सहा होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वसन व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांवर या यंत्रांनी उपचार झाले. त्यांपैकी २७ दगावले.

रुग्णालयाचे प्रमुख लासेन यांनी २५ ऑगस्ट रोजी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास सल्ल्यासाठी बोलाविले. सांसर्गिक रोगांच्या विभागात भूलतज्ज्ञाचे काय काम, असेच त्या काळी कोणासही वाटले असते. रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण फार वाढलेले आढळत होते, आणि तेथील चिकित्सकांनी त्याचा अर्थ रक्तात अल्कता वाढली आहे, असा केला होता. इब्सेन यांचा दिवस शस्त्रक्रियागृहात जात असे. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास अपुरा पडला म्हणजे हाच वायू शरीरात साठतो, हे त्यांच्या नित्य पाहण्यातले होते. हे रुग्ण पोलिओच्या विषाने मरत नसून श्वास अपुरा पडल्यामुळे मरत आहेत, असे त्यांनी सांगितले. प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल आस्ट्रुप यांनी रक्ताची आम्लता प्रत्यक्ष मोजली, तेव्हा रक्त अल्क नसून आम्ल असल्याचे दिसून आले.

२७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छिद्र पाडून त्यातून नळी घालण्यात आली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरण्यात आली. मुलगी वाचली. पुढे एकाच वेळी सत्तर रुग्णांपर्यंत हा उपचार करावा लागला. इतकी यंत्रे जगात कोठेच मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा वैद्यक व दंतवैद्यक शिकणारे सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि पिशव्या दाबीत राहिले. त्यांच्या कामाचे तास एकूण १,६५,००० भरले. परिचारिका शेजारी उभ्या राहून श्वासमार्गातील कफ शोषून घेत व रुग्णांना वळवीत. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. १९५३ च्या डिसेंबरात इब्सेन यांनी त्याच शहरातील म्युनिसिपल रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग काढला. आजच्या अतिदक्षता विभागांचा आरंभ तेथून धरला जातो.

या हकीकतीत इब्सेन यांच्या कल्पकतेचे कौतुक नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. परंतु येथील विषयाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोग्याचा प्राण वाचविणारे ज्ञान त्याच शहरात, थोड्याच अंतरावर, दुसऱ्या व्यवसायाच्या लोकांपाशी आधीपासून होते. सांसर्गिक रोगांचा चिकित्सक व भूलतज्ज्ञ यांची गाठ पडण्याची सोयच तेवढी नव्हती.

एका सकाळची दोन कामे

आता आजच्या अतिदक्षता विभागाकडे वळू. व्हेंटिलेटरवरील रुग्णास नळी सोसावी म्हणून गुंगीची औषधे दिली जातात. ती परिचारिकेच्या हाती असतात. रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेऊ शकतो की नाही, याची चाचणी मात्र अमेरिकेसारख्या देशांत श्वसनोपचारतज्ज्ञ घेतो. यंत्राचे साहाय्य अगदी कमी करून रुग्णाकडे लक्ष ठेवावयाचे, असे या चाचणीचे स्वरूप असते.

समजा, श्वसनोपचारतज्ज्ञ सकाळी सात वाजता चाचणी घेण्यास आला. रुग्ण गाढ गुंगीत आहे. अर्थातच त्याचा श्वास मंद पडतो, चाचणी असफल ठरते आणि तशी नोंद होते. दहा वाजता परिचारिका नियमाप्रमाणे गुंगीचे औषध थांबविते. रुग्ण जागा होतो, कासावीस होतो, यंत्राशी झगडू लागतो. त्याला आता यंत्राची गरज नसेलही, पण ते पाहणारा तज्ज्ञ दुसऱ्या विभागात गेलेला असतो. परिचारिका रुग्णाच्या हितासाठीच औषध पुन्हा चालू करते. दोघांनीही आपापले काम बिनचूक केले. रुग्ण मात्र आणखी एक दिवस यंत्रावर राहिला.

असा एक दिवस लहान नसतो. घशातील नळीमुळे फुप्फुसदाहाचा धोका दररोज वाढत जातो. यंत्रच सर्व काम करीत असल्यास मध्यपटलाचा स्नायू झपाट्याने क्षीण होतो. १८ ते ६९ तासांच्या पूर्ण निष्क्रियतेनंतर त्याच्या तंतूंच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेले आढळले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविण्यात आले. म्हणजे यंत्रावर उगीच ठेवलेला रुग्ण यंत्रावाचून जगण्यास अधिकाधिक असमर्थ होत जातो.

अमेरिकेत १९९६ साली एली व त्यांचे सहकारी यांनी ३०० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटातील रुग्णांची चिकित्सक, श्वसनोपचारतज्ज्ञ व परिचारिका दररोज ठराविक कसोट्यांनी पाहणी करीत आणि योग्य वाटेल त्याची श्वासचाचणी घेत. या गटाचा यंत्रावरील मध्यक काळ साडेचार दिवस भरला, दुसऱ्या गटाचा सहा दिवस. २००८ साली जिरार्ड व सहकारी यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी चार रुग्णालयांतील ३३६ रुग्ण घेतले आणि त्यांपैकी एका गटात गुंगीचे औषध थांबविणे व श्वासचाचणी घेणे ही दोन्ही कामे एकमेकांशी जोडून दिली. आधी रुग्णास जागे करावयाचे, लगोलग चाचणी घ्यावयाची. दुसऱ्या गटात चाचणी होती, पण गुंगीचे औषध नेहमीच्या पद्धतीनेच दिले जाई. २८ दिवसांपैकी यंत्रावाचून गेलेले दिवस जोडगटात सरासरी १४.७ व दुसऱ्या गटात ११.६ भरले. पुढील वर्षभरातील मृत्यूही जोडगटात कमी झाले. या प्रयोगात नवे औषध नव्हते की नवे यंत्र नव्हते. दोन व्यवसायांच्या घड्याळांचा मेळ तेवढा घातला होता.

शब्दाचा अर्थ

अशा मेळाचे शिक्षण देण्याच्या पद्धतीस आंतरव्यावसायिक शिक्षण असे म्हणतात. ‘सहशिक्षण’ हा शब्द सुटसुटीत होता, पण मराठीत तो मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाकडे कायमचा गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या शिक्षणाची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यानुसार दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी परिणामकारक सहकार्यासाठी व आरोग्याच्या सुधारणेसाठी एकमेकांविषयी, एकमेकांकडून व एकमेकांसह शिकतात, तेव्हा त्यास ही संज्ञा लागते.

या व्याख्येतील तीन पदांपैकी ‘एकमेकांसह’ हे पद सर्वांत सोपे, आणि म्हणूनच फसवे आहे. दोनशे विद्यार्थी एका सभागृहात बसवून फुप्फुसाच्या रचनेवर व्याख्यान दिले, तर ते एकमेकांसह शिकले खरे. परंतु परिचारिकेस श्वसनोपचारतज्ज्ञाच्या कामाची काही माहिती त्यातून झाली नाही, आणि श्वसनोपचारतज्ज्ञास तिच्याकडून काही मिळाले नाही. अशा व्याख्यानाने खोल्यांची बचत होते, इतकेच.

अध्यापक काय म्हणतात

श्वसनोपचार हा स्वतंत्र व्यवसाय मुख्यतः अमेरिका व कॅनडा या देशांत वाढला. युरोपात त्याची कामे बहुधा परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व चिकित्सक यांच्यात वाटलेली आहेत. अमेरिकेत १९४० च्या दशकात प्राणवायूची नळकांडी खाटेपर्यंत नेणाऱ्या मदतनिसांपासून या व्यवसायास आरंभ झाला. १९४७ साली शिकागो येथे त्याची पहिली संघटना निघाली. तेथील अध्यापकांची या विषयावरील मते वेळोवेळी अजमाविण्यात आली असून, खास श्वसनोपचाराच्या अध्यापकांची एक पाहणी २०१७ साली त्या व्यवसायाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अध्यापकांचा कल एकंदरीत अनुकूलच आढळतो. रुग्णाचे हित, चुका कमी होणे, विद्यार्थ्यांत परस्परांविषयी आदर वाढणे, ही प्रयोजने बहुतेकांस मान्य आहेत.

मग अडते कोठे? पहिली अडचण वेळापत्रकाची सांगतात, आणि ती ऐकण्यास क्षुल्लक वाटली तरी तशी नाही. श्वसनोपचाराचा अभ्यासक्रम अमेरिकेत दीर्घकाळ बहुधा दोन वर्षांचा होता व आजही पुष्कळ ठिकाणी तो तसाच आहे. त्यातील तास प्रात्यक्षिकांनी आधीच भरलेले असतात. वैद्यकाचे वर्ष निराळ्या महिन्यात सुरू होते, परिचर्येचे विद्यार्थी आठवड्यातील ज्या दिवशी रुग्णालयात असतात त्याच दिवशी श्वसनोपचाराचा वर्ग भरतो. शिवाय श्वसनोपचाराचे अनेक वर्ग लहान सार्वजनिक महाविद्यालयांत चालतात. तेथे वैद्यकाचे विद्यार्थी जवळपास नसतातच. ज्यांच्याबरोबर शिकावयाचे ते शंभर मैल दूर, अशी स्थिती असल्यावर अनुकूल मत असून उपयोग कोणता?

दुसरी अडचण संख्येची आहे. श्वसनोपचाराचा वर्ग पंधरा-वीस विद्यार्थ्यांचा, परिचर्येचा शंभरांचा, वैद्यकाचा दीडशेचा. एकत्र बसविले की लहान गट मोठ्या गटात विरघळून जातो. उदाहरणे हृदयविकाराची, चर्चा औषधांची, आणि श्वसनोपचाराचा विद्यार्थी कोपऱ्यात श्रोता. अशा वर्गातून तो आपल्या व्यवसायाविषयी न्यूनभाव घेऊन बाहेर पडण्याची भीती त्याच्या शिक्षकास वाटते. ही भीती व्यवसायाभिमानातून आलेली आहे असे म्हणून ती उडवून लावणे बरे नव्हे, कारण ज्याला आपले म्हणणे मांडण्यास सवडच मिळाली नाही, त्याच्याकडून कोणी काही शिकू शकत नाही.

तिसरी गोष्ट अध्यापक क्वचितच आपण होऊन बोलतात. त्यांचे स्वतःचे शिक्षण अशा पद्धतीने झालेले नसते. कॅनडातील न्यू फाउंडलंड येथील मेमोरियल विद्यापीठात करन व सहकारी यांनी वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण व समाजकार्य या शाखांच्या अध्यापकांची मते पाहून २००७ साली प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या अध्यापकांची अनुकूलता परिचर्येच्या अध्यापकांहून कमी आढळली. मात्र ज्यांनी पूर्वी असे शिक्षण प्रत्यक्ष दिले होते, त्यांची मते अधिक अनुकूल होती. अनुभवाने मत बदलते, की मुळात अनुकूल असणारेच अनुभव घेण्यास पुढे येतात, हा निर्णय अशा पाहणीने होत नाही. तथापि आरंभ थोड्या, पण इच्छुक अध्यापकांवर सोपवावा, एवढे तिच्यावरून निश्चित सुचते.

परीक्षेचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक काम केले, तर गुण कोणी द्यावयाचे? चिकित्सकाने श्वसनोपचाराच्या विद्यार्थ्यास द्यावे काय? आणि परिचारिकेने वैद्यकाच्या विद्यार्थ्यास? या दुसऱ्या प्रश्नास मिळणाऱ्या उत्तरावरून त्या महाविद्यालयातील खरी हवा कळते.

कधी आणि कशावर

एकत्र शिक्षण आरंभीच द्यावे की शेवटी, यावर दोन पक्ष आहेत. विद्यार्थी एकमेकांविषयी पूर्वग्रह बाळगू लागण्यापूर्वीच त्यांस एकत्र आणावे, असे एक पक्ष म्हणतो. स्वतःच्या व्यवसायाची ओळख पक्की झाल्याखेरीज दुसऱ्यास सांगण्याजोगे विद्यार्थ्यापाशी काय असणार, असे दुसरा विचारतो. स्वीडनमधील लिन्शोपिंग येथे १९८६ पासून सर्व आरोग्यशाखांचे विद्यार्थी आरंभीचे काही आठवडे एकत्र शिकू लागले. १९९६ साली तेथे असा एक कक्ष उघडला की, ज्यात वैद्यक, परिचर्या व उपचारशाखांचे अखेरच्या टप्प्यातील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली मिळून रुग्णांची काळजी घेत. म्हणजे तेथे दोन्ही पक्षांस मान दिला गेला. श्वसनोपचारापुरते बोलावयाचे तर दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सबळ दिसते. यंत्राचे दाब ज्यास वाचता येत नाहीत, असा विद्यार्थी खाटेशेजारी सहकारी ठरत नाही, तो पाहुणा ठरतो.

विषय निवडताना मात्र एक खूण उपयोगी पडते. जे काम एका व्यवसायास एकट्याने पुरे करता येत नाही, तेच एकत्र वर्गात घ्यावे. वर सांगितलेली सकाळची चाचणी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. दुसरे उदाहरण श्वासाच्या आकारमानाचे. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरील एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तीव्र फुप्फुसविकारात दर श्वासास किलोमागे १२ मिलिलिटर हवा देण्याऐवजी ६ मिलिलिटर दिली असता मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हे किलो रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनाचे नव्हेत. मनुष्य लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. ती उंचीच्या प्रमाणात असतात, म्हणून उंचीवरून काढलेले वजन धरतात. पुरुषासाठी सूत्र असे : सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करावे, बाकीस ०.९१ ने गुणावे व त्यात ५० मिळवावे. स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५ मिळवावे.

आता १६५ सेंटिमीटर उंचीचा, पण ८५ किलो वजनाचा पुरुष घ्या. सूत्राने त्याचे वजन सुमारे ६१.५ किलो येते, म्हणून दर श्वासास सुमारे ३७० मिलिलिटर हवा द्यावयास पाहिजे. वजनकाट्यावर विसंबल्यास ती ५१० मिलिलिटर होईल आणि आजारी फुप्फुस ताणले जाईल. गणित शाळकरी मुलासही जमण्यासारखे आहे. अडचण पुढेच आहे. निजलेल्या, बेशुद्ध रुग्णाची उंची फितीने मोजावयाची कोणी? बहुधा परिचारिकेने. आकडा यंत्रावर लावावयाचा श्वसनोपचारतज्ज्ञाने, आज्ञा लिहावयाची चिकित्सकाने. उंचीचा रकाना कोरा राहिला, तर पुढील दोघांचे ज्ञान व्यर्थ. एका तासाच्या वर्गात तीन शाखांच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक फीत, एक मानवाकृती पुतळा व एक आज्ञापत्र दिले, तर कोणाच्या हातून काय निसटते ते त्यांचे त्यांनाच दिसते. पुष्कळ अध्यापकांच्या मते असा तास संपल्यानंतरची वीस मिनिटांची चर्चाच खरा पाठ होय. आपण गप्प का राहिलो, हे विद्यार्थी तेथे सांगतात.

परिणाम किती सिद्ध झाला?

उत्साही मंडळींच्या उत्साहास आवर घालणारीही एक बाजू आहे. या शिक्षणाच्या परिणामांचा काटेकोर आढावा कॉक्रेन या संस्थेसाठी वेळोवेळी घेण्यात आला. पहिल्या खेपेस कसोटीस उतरेल असा एकही प्रयोग सापडला नाही. २००८ साली सहा सापडले, २०१३ साली पंधरा. या पंधरांपैकी सातांत परिणाम चांगला, चारांत संमिश्र आणि चारांत काहीच नाही, असे दिसले. विद्यार्थ्यांस वर्ग आवडला, हे सहज मोजता येते. रुग्णास त्याचा लाभ झाला, हे मोजणे कठीण, कारण विद्यार्थ्याचा वर्ग व तो पुढे सांभाळणार असलेला रुग्ण यांच्यात वर्षांचे अंतर असते. जिरार्ड यांच्या प्रयोगाने एकत्रित कामाचा लाभ दाखविला. एकत्रित शिक्षणाचा लाभ त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. हा फरक प्रचाराच्या भरात विसरला जातो.

भारतातील स्थिती

भारतात श्वसनोपचाराचे पदवीशिक्षण काही थोड्या विद्यापीठांत मिळते. बहुसंख्य रुग्णालयांत व्हेंटिलेटरचे काम भूलतज्ज्ञ, निवासी डॉक्टर व परिचारिका यांच्याच अंगावर असते. २०२० व २०२१ मधील कोविडच्या साथीत अनेक जिल्हा रुग्णालयांत यंत्रे जाऊन पोहोचली, पण ती चालविणारे शिकलेले हात पुरेसे नव्हते. २०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि त्याच्या परिशिष्टात श्वसनोपचाराच्या तंत्रज्ञांस प्रथमच कायद्याने स्थान मिळाले. त्याआधी २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात, पदवीधराने आरोग्यसंघाचा नेता व सदस्य असावे, असे म्हटले आहे. ‘नेता’ या शब्दाची शिकवण वैद्यकीय महाविद्यालयांत फार जुनी आहे. ‘सदस्य’ होणे शिकवावयाचे असेल, तर संघातील इतर व्यवसायांचे विद्यार्थी त्याच खोलीत हजर असावे लागतात.

ज्या रुग्णालयाशी वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालय दोन्ही जोडलेली आहेत, तेथे याची सोय अवघड नाही. श्वसनोपचाराचा वर्ग नसला, तरी ते काम करणारा भूलतज्ज्ञ असतोच. आठवड्यातील एक सकाळ, एक खाट, गुंगी थांबविण्याची वेळ व चाचणीची वेळ एकाच कागदावर लिहिलेली, आणि त्या कागदावर सही करणारे दोन्ही शाखांचे दोन विद्यार्थी, एवढ्या साहित्यावर पहिला तास घेता येतो.